नातवाचा भूगोल

दुसऱ्यांच्या मुलांस शिकविणे हा आमचा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. परंतु घरच्या मुलास काही शिकविण्याचा प्रसंग आला म्हणजे त्या तीस वर्षांचा काडीइतकाही उपयोग होत नाही, असा अनुभव आम्हांस गेल्या वर्षी आला. महाविद्यालयातील विद्यार्थी बिचारे सोशीक असतात. प्राध्यापकाच्या तोंडून जे पडेल ते त्यांनी वहीत उतरवून घ्यावे आणि परीक्षेत त्यास परत करावे, एवढाच उभयतांमधील करार असतो. नऊ वर्षांच्या नातवाशी असा करार करता येत नाही. तो वही उघडीतच नाही, आपल्या तोंडाकडे पाहत बसतो, आणि आपण थांबलो की विचारतो, "मग?"

प्रसंग असा आला. आमचे जावई एका मोटारीच्या कारखान्यात अभियंते आहेत. त्यांची तीन वर्षांकरिता मेक्सिको देशातील पुएब्ला या शहरी बदली झाली. बातमी ऐकून सर्वांनी पेढे खाल्ले. सहा वर्षांच्या मनीने तर विमानात खिडकीजवळ कोण बसणार यावरून त्याच दिवशी भांडण आरंभिले. तिचा भाऊ श्रीधर मात्र गप्प झाला. दोन दिवसांनी त्याने आईस एवढेच विचारले, "तिथं मराठी कोण बोलतं?" ती हसून म्हणाली, "आपण चौघं बोलू की!" या उत्तराने त्याचे समाधान झालेले दिसले नाही. तेव्हा आमच्या सौभाग्यवती आम्हांस म्हणाल्या, "अहो, एवढी कपाटभर पुस्तकं वाचलीत ना? मग पोराला त्या देशाचं काहीतरी सांगा." निघण्यास तीन महिने होते. दर रविवारी सकाळी एक तास, असे ठरले.

पहिल्या रविवारी आम्ही रीतसर तयारीनिशी बसलो. स्पॅनिश ही ज्यांची राज्यभाषा आहे असे देश वीस. पैकी अठरा अमेरिकेत, एक युरोपात, म्हणजे खुद्द स्पेन, आणि एक आफ्रिकेत, त्याचे नाव विषुववृत्तीय गिनी. ती मातृभाषा म्हणून बोलणारी माणसे सुमारे ५० कोटी. ब्राझील तेवढा या यादीत धरावयाचा नाही. कारण १४९४ साली स्पेन व पोर्तुगाल यांनी तोर्देसिलासच्या तहाने नवी भूमी आपसांत वाटून घेतली, आणि ब्राझील पोर्तुगीजांच्या वाट्यास गेला. देश आणि राजधान्या यांचा एक सुबक तक्ता करून आम्ही मुलांपुढे ठेवला. ग्वाटेमालापर्यंत येता येता मनी झोपी गेली. श्रीधर होंडुरासच्या तेगुसिगाल्पापर्यंत टिकला. मग त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही यांतल्या किती गावांना गेला आहात?"

"एकाही नाही."

"मग तुम्हांला कसं ठाऊक?"

"पुस्तकांतून."

"त्या लोकांनी लिहिलेल्या?"

येथे आम्ही थोडे अडखळलो. कारण खरे सांगावयाचे तर त्या देशांविषयीचे आमचे सारे ज्ञान इंग्रजांनी लिहिलेल्या पुस्तकांतून आलेले. 'डॉन क्विक्झोट' आम्ही वाचला तो इंग्रजी भाषांतरात. १५८८ साली स्पेनच्या आरमाराची दाणादाण उडाली हे वर्गात सांगताना आम्हांस आजवर असा काही हर्ष होत आला आहे, की जणू त्या लढाईत आमचे पूर्वजच इंग्रजांच्या गलबतावर होते! स्पॅनिश मुलखाकडे आम्ही जन्मभर पाहिले ते परक्याच्या खिडकीतून, आणि खिडकी परक्याची आहे हे देखील कधी ध्यानात आले नाही. देशाचे नावसुद्धा आम्ही इंग्रजी वळणाने घेत होतो. तेथील लोक 'मेहिको' म्हणतात, हे आम्हांस श्रीधरनेच पुढे ऐकविले; त्याच्या आईने दूरध्वनीवर लावून दिलेल्या भाषेच्या धड्यात त्याने ते ऐकले होते.

तक्त्यातून मुलांच्या ध्यानात राहिल्या त्या दोनच गोष्टी. चिली हा देश दक्षिणोत्तर सुमारे ४,३०० किलोमीटर लांब असून रुंदीला अगदी चिंचोळा. त्याच्या उत्तर टोकास जगातील अत्यंत कोरडे वाळवंट आणि दक्षिण टोकास बर्फाच्या नद्या. दुसरी गोष्ट बोलिव्हियाची. एकोणिसाव्या शतकात चिलीशी झालेल्या युद्धात त्या देशाचा समुद्रकिनारा गेला. तरी त्या देशास आरमार आहे. ते आज तितिकाका सरोवरात आहे. "समुद्र नाही आणि आरमार आहे!" म्हणून श्रीधर प्रथमच हसला. राजधान्यांचा तक्ता आम्ही घडी करून ठेवून दिला.

दुसऱ्या रविवारी माळ्यावरून पृथ्वीचा जुना गोल काढला आणि आजीच्या शिवणाच्या पेटीतून लाल दोरा घेतला. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर मेणाने चिकटवून तो आम्ही अक्षांशाच्या रेषेवरून पश्चिमेकडे नेऊ लागलो. अरबी समुद्र गेला, अरबस्तान गेले, सुदान व सहारा वाळवंट गेले, अटलांटिक महासागर ओलांडला, डोमिनिकन प्रजासत्ताक लागले. आणि दोरा सरळ जो गेला तो पुएब्लावर. मुंबई आणि पुएब्ला ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच, म्हणजे १९ अंशांच्या, अक्षांशावर आहेत. हे आम्हांस देखील त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. पावसाळाही तेथे बव्हंशी आपल्याच महिन्यांत. उन्हाळा मात्र पुष्कळ सौम्य. कारण ते गाव समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून अधिक उंच आहे.

"म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच?"

"कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. त्याच्याही पुष्कळ वर हे सबंध शहर. आणि त्याच्या पश्चिमेस पोपोकातेपेत्ल हा ज्वालामुखी, अजून धुमसणारा. त्या नावाचा अर्थच मुळी धूर सोडणारा डोंगर."

मग घड्याळाचा हिशेब झाला. आपल्याकडे रविवारी सकाळचे सात वाजले म्हणजे तेथे शनिवारी सायंकाळचे साडेसात. बारा तासांना अर्धाच तास कमी. घड्याळ बदलावयास नको, काटा अर्धा तास पुढे केला म्हणजे झाले, या शोधाने मनीस फार आनंद झाला. दिवसाची रात्र होते याचे तिला काहीच वाटले नाही.

तिसरा पाठ स्वयंपाकघरात झाला, आणि तो आमचा उत्कृष्ट पाठ होय असे आम्ही अजून समजतो. त्या दिवशी एकादशी होती. ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि शेंगदाण्याची आमटी. आम्ही मुलांस सांगितले, की या ताटात जे जे आहे ते बहुतेक अमेरिकेतून आले आहे. बटाटा हा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो तिकडचाच. रताळे तिकडचे, आणि खिचडीतली हिरवी मिरचीही तिकडची. पोर्तुगीजांची गलबते आपल्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी यांतील मिरची, बटाटा, शेंगदाणा महाराष्ट्रात कोणी पाहिला नव्हता. सौभाग्यवतींना हे अजिबात रुचले नाही. "मग ज्ञानेश्वर-नामदेवांनी उपास कशावर केले?" असा त्यांनी रोकडा सवाल टाकला. "वऱ्याच्या तांदळावर, फळांवर, नाहीतर नुसत्या पाण्यावर," असे आम्ही म्हणालो. "तेच खरे उपास," असा निकाल देऊन त्यांनी आम्हांस आणखी खिचडी वाढली.

पेरू, पपई, सीताफळ यांचीही पाळी झाली. टोमॅटो हा शब्द मेक्सिकोतील मूळच्या नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' होय, हेही सांगून झाले. दसऱ्यास आपण दाराला ज्याचे तोरण लावतो तो झेंडू मेक्सिकोचाच. तेथील लोक १ व २ नोव्हेंबर या दिवशी मृतांच्या स्मरणार्थ त्याच फुलांनी वेदी सजवितात. उलट आपण त्यांस काय दिले? साखरेस स्पॅनिशमध्ये 'आसुकार' आणि नारिंगास 'नारान्हा' म्हणतात. संस्कृत शर्करा आणि नारंग हे शब्द इराणातून अरबांकडे गेले, अरबांबरोबर स्पेनला पोहोचले आणि तेथून समुद्र ओलांडते झाले.

मक्याची हकीकत मात्र थोडी सावकाश सांगावी लागली. मका मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने माणसाळविला. तेथील बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटीत आणि त्याच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजीत. युरोपीयांनी मका आपल्या देशी नेला, पण चुना नेला नाही; ती अडाण्यांची रीत म्हणून सोडून दिली. परिणाम असा झाला, की जेथे गरिबांनी केवळ मक्यावर दिवस काढले तेथे पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. मक्यातील एक जीवनसत्त्व चुन्यावाचून अंगी लागत नाही, हे शास्त्रज्ञांस विसाव्या शतकात उमगले. त्या बायकांचे हात ते केव्हाचेच जाणत होते. मुलांस दुसऱ्याच्या संस्कृतीविषयी एकच गोष्ट सांगावयाची झाली तर आम्ही हीच सांगू. दाणा घ्यावा, पण तो कसा शिजवावा हे ज्याचा दाणा त्यास विचारावे.

श्रीधर खुलला. "म्हणजे तिथं सगळं आपल्यासारखंच आहे!" असे तो म्हणाला, आणि आम्हीही समाधानाने मान हलविली. येथेच आम्ही चुकलो. मुलाचे भय घालवावयाचे म्हणून जे जे सारखे तेवढेच आम्ही वेचून वेचून दाखवीत गेलो, आणि ती गोडी आम्हांसच अधिक लागली. याच भरात आम्ही चौथ्या रविवारी पुएब्लाच्या मुलीची गोष्ट काढली.

ही गोष्ट खरी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील मिर्रा नावाची एक अल्पवयी मुलगी पोर्तुगीज चाच्यांनी पळविली. तिला कोचीनला नेले, तेथून मनिलास. मनिलाच्या बाजारात ती विकली गेली. त्या काळी मनिला आणि अकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतांची ये-जा असे; ती १५६५ पासून १८१५ पर्यंत चालली. अशाच एका गलबतातून ती पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोत आली, आणि पुएब्लातील एका गृहस्थाच्या घरी दासी झाली. तिला कातारीना दे सान हुआन हे नाव मिळाले. पुढे तिच्या धर्मनिष्ठेमुळे लोक तिला साध्वी मानू लागले. १६८८ साली ती पुएब्लातच वारली, तेव्हा सारे गाव लोटले. आशियातून आलेल्या कोणासही तेथे 'चीनी' म्हणत. म्हणून तिच्या आठवणीस 'चीना पोब्लाना' हे नाव चिकटले, आणि त्या नावाचा एक रंगीत पोशाख आज मेक्सिकोत राष्ट्रीय वेष म्हणून मिरवितात. पोशाखाचा संबंध इतिहासकार मानीत नाहीत, लोक मानतात.

"पाहिलेस?" आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो, "तू जातो आहेस त्याच गावी चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडची एक मुलगी राहून गेली!"

श्रीधर काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "ती परत आली का?"

"नाही."

"तिच्याशी तिच्या भाषेत कोण बोलायचं?"

आम्ही चाळीस मिनिटे बोलत होतो. पण हा प्रश्न आमच्या मनास शिवला नव्हता. आम्ही काही उत्तर जुळविण्यापूर्वीच तो उठून गच्चीत गेला. लाल दोरा गोलावर तसाच राहिला.

त्या रात्री मुलीने येऊन सांगितले, "बाबा, श्रीधर झोपत नाही. मी तिकडे मराठी विसरलो तर आजी-आजोबांशी कसं बोलणार, म्हणून विचारतोय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आम्हांसही झोप आली नाही. पहिल्याच दिवशी आम्ही ५० कोटींचा आकडा कशा थाटात सांगितला होता! त्या आकड्यामागे १५२१ साल आहे, त्या वर्षी स्पॅनिश सैन्याने तळ्यातले तेनोच्तित्लान हे नगर उद्ध्वस्त करून त्यावर आपली राजधानी उभारली, हे आम्ही मुलांच्या कोवळेपणाची सबब सांगून गाळले होते. पोराने ते आपणहून ओळखले. एक भाषा पसरते तेव्हा दुसऱ्या किती घरांतून ती मिटते, हाच त्याच्या प्रश्नाचा अर्थ. आणि हा प्रश्न आम्हांस विचारला जावा यातही एक न्याय होता. आम्ही तीस वर्षे इंग्रजी शिकवून पोट भरले. आमच्या मुलीस इंग्रजी शाळेत आम्हीच घातले. तिने आपल्या मुलांस घातले तेव्हा आम्ही आनंदच मानला. श्रीधर मराठी बोलतो उत्तम. वाचतो मात्र बोट ठेवून. त्यास मराठी विसरावयास मेक्सिकोपर्यंत जाण्याची काही गरज नव्हती.

पाचव्या रविवारी आम्ही गोल काढला नाही. मुलास जवळ घेऊन जे खरे ते सांगितले. भाषा मरतात, पुष्कळ मेल्या. पण सगळ्याच मेल्या नाहीत. ज्या नाहुआत्लने जगाला टोमॅटो दिला ती बोलणारे २०२० सालच्या शिरगणतीत सोळा लाखांवर निघाले. पुएब्लाच्या आसपासच्या खेड्यांतूनही ती बोलतात. मेक्सिकोने २००३ साली कायदा करून आपल्या मूळच्या भाषांस स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा मानले; अशा ६८ भाषा तेथे मोजतात. पॅराग्वे देशात तर गुआरानी ही भाषा १९९२ च्या राज्यघटनेने स्पॅनिशच्या जोडीला राज्यभाषा झाली, आणि ज्यांचे पूर्वज स्पेनहून आले तेही ती घरी बोलतात.

"ती कशी राहिली?" श्रीधरने विचारले.

"बाप स्पॅनिश बोलत, पण आया मुलांशी गुआरानी बोलत राहिल्या. शाळेत नव्हती, कचेरीत नव्हती; चुलीपाशी होती."

दाराशी उभी असलेली आमची मुलगी काही न बोलता आत गेली.

मग आम्ही त्यास वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची गोष्ट सांगितली. हे क्रांतिकारक, इंग्रज सरकारच्या रोषामुळे त्यांस देश सोडावा लागला. फिरत फिरत ते मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या व गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले आणि शेतकऱ्यांकरिता मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांस स्थान दिले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळाही उभा राहिला.

"ते परत आले?" त्याचे माप आता एकच होते.

"आले. देश स्वतंत्र झाल्यावर आले. १९६७ साली नागपुरास वारले."

"किती वर्षांनी आले?"

"चाळिसांहून अधिक वर्षांनी."

त्याने मनाशी वजाबाकी केली असावी. "मी तीनच," असे तो म्हणाला. ती मुलगी नेली गेली, खानखोज्यांना जावे लागले, आणि तू आईबापांचे बोट धरून जातो आहेस, हा फरक आम्ही समजावून देणार होतो; पण त्याची आता जरुरी दिसली नाही. त्याने एक अट मात्र घातली. तो दर आठवड्यास आमच्याशी मराठीत बोलेल व महिन्यास एक पत्र मराठीत लिहील. आम्ही स्पॅनिश शिकावयाचे. आम्ही कबूल झालो. या वयात क्रियापदे पाठ करण्याचा कंटाळा येईल, हे त्या वेळी सुचले नाही.

त्यास आता आठ महिने झाले. रविवारी सकाळी सात वाजता दूरध्वनी वाजतो. तिकडे दिवेलागण झालेली असते. श्रीधर आमचे उच्चार सुधारतो, आणि तो आमच्याइतका सोशीक नाही. पत्रे आठांऐवजी पाच आली. पैकी तिसऱ्यापासून अक्षर बरे आहे. डोंगर खरोखरच धूर सोडतो, आणि झेंडूची फुले पाहून आजीची आठवण झाली, असे त्यांत आहे. सगळे आपल्यासारखेच आहे, असे मात्र एकाही पत्रात नाही.

गेल्या रविवारी त्याने सांगितले, की आईबाबांबरोबर तो ते जुने चर्च पाहून आला. "आजोबा, त्या मिर्राची तिथं... तिथं तिची..." तो थांबला. शब्द त्याच्या ओठांवर येईना. स्पॅनिश शब्द आलेला असावा. तो त्याने उच्चारला नाही. आम्हांस तो मराठी शब्द ठाऊक होता, परंतु जीभ रेटेना. शब्द आम्ही द्यावा की त्यास सापडू द्यावा, हेच कळेना. सौभाग्यवतींनी आमचा हात दाबला. पाच-सहा क्षण त्या एवढ्या लांबीच्या दोऱ्यावरून काहीच आले नाही. मग पलीकडून, भांडी वाजत होती तिकडून, आमच्या मुलीचा आवाज आला, "समाधी."

"हां, समाधी," श्रीधर म्हणाला. "तिथं मी तिच्याशी मराठीत बोललो. तिला कळलं असेल का?"

आम्ही म्हणालो, बोललास हे चांगले केलेस. कळले असेल की नाही, हे सांगण्याइतकी आमची विद्या नाही. तो लगेच म्हणाला, "आता समाधीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, सांगा." आम्हांस सांगता आले नाही. पुढच्या रविवारी पाठ करून येण्याची आम्हांस ताकीद मिळाली आहे.